अभंग आधी, आख्यान नंतर: मंजुरीच्या प्रेझेंटेशनमध्ये गोष्ट कशी बांधावी

प्रेझेंटेशनमध्ये गोष्ट सांगा, हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये कानावर पडतं. मग लोक पहिल्या स्लाइडवर ससा-कासव टाकतात, नाहीतर एखाद्या अमेरिकन उद्योजकाचं गॅरेज, आणि तिसऱ्या स्लाइडपासून पुन्हा तेच बुलेट पॉइंट. समोरचे साहेब घड्याळ बघतात. गोष्टीचा आणि मागणीचा सांधाच जुळलेला नसतो, त्यामुळे त्यांचंही काही चुकत नाही.

हा सांधा कसा जुळवायचा हे नारदीय कीर्तनात नीट पाहायला मिळतं. बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात आणि त्याचं निरूपण करतात. मध्ये नामघोष होतो, हार-बुक्का होतो. मग उत्तररंगात आख्यान लागतं आणि शेवटी गाडी त्याच मूळ अभंगावर येते. आख्यान कितीही रंगो, ते त्या अभंगासाठीच निवडलेलं असतं. मंजुरी मागायच्या प्रेझेंटेशनला हीच बांधणी चपखल बसते, फक्त दीड-दोन तासांऐवजी बारा मिनिटं असतात.

इथे सगळं एकाच उदाहरणावर दाखवलं आहे. चाकण पट्ट्यातलं एक मशीन शॉप, तीन शिफ्ट, गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. मशीनना कॉम्प्रेसरमधून दाबाखालची हवा पाइपने पुरवली जाते. मेंटेनन्स विभागाला या हवेच्या लाइनमधली गळती बंद करायला पैसे हवे आहेत. कारखाना कल्पित आहे आणि आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. हिशेबाची रीत मात्र खरी आहे.

पायरी १: अभंग लिहा

पॉवरपॉइंट उघडायच्या आधी कागदावर मागणीचं एक वाक्य लिहा, तोच आपला अभंग. त्यात चार गोष्टी हव्यात: किती पैसे, किती वेळ, काय बदलेल, किती वाचेल. आपल्या उदाहरणात ते असं होईल:

"दोन लाख वीस हजार रुपये आणि दोन गुरुवार द्या, हवेची गळती ३७.५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणू आणि वर्षाला साधारण साडेचार लाखांची वीज वाचवू."

हे वाक्य शेजारच्या विभागातल्या माणसाला एकदाच वाचून दाखवा आणि अर्ध्या तासाने त्याला ते परत सांगायला लावा. आकडे थोडे मागेपुढे झाले तर चालेल. काय मागितलं होतं हेच त्याला आठवलं नाही, तर वाक्यात दोन मागण्या कोंबल्या आहेत असं समजा. "शिवाय हवा कोरडी करणाऱ्या नवीन ड्रायरचाही विचार व्हावा" हे शेपूट इथेच कापायचं. त्यासाठी वेगळं प्रेझेंटेशन करा.

पायरी २: होकार कोणाच्या हातात आहे

खोलीत सहा माणसं असली तरी होकार बहुधा एकाचा असतो आणि नकार दोघांचा. आपल्याकडे होकार प्लांट हेडचा, नकार फायनान्सचा किंवा प्रॉडक्शनचा. फायनान्सला पेबॅक (घातलेले पैसे किती काळात वसूल होतील ते) हवा, प्रॉडक्शनला मशीन थांबायला नको. अभंगातले "दोन गुरुवार" हे शब्द प्रॉडक्शनसाठी आहेत: काम सुट्टीच्या दिवशी होईल, एकही नग कमी निघणार नाही.

पायरी ३: आख्यान शोधा, रचू नका

आपलं आख्यान म्हणजे शॉपमध्ये घडलेला एक प्रसंग. तो शोधायच्या जागा ठरलेल्या असतात: शिफ्टचं लॉगबुक, ग्राहकाच्या तक्रारींचं रजिस्टर आणि शॉपमधली माणसं. पहिल्या दोन्हींत तारीख-वेळ मिळते, तिसऱ्यात जिवंतपणा. ऑपरेटरला किंवा फिटरला "समस्या काय आहे?" असं विचारलंत तर तो तुम्हाला आवडेल असं उत्तर देईल. त्याऐवजी विचारा: "शेवटचं कधी झालं असं? तेव्हा तू कुठे होतास? आधी काय दिसलं, काय ऐकू आलं? मग काय केलंस?" चार प्रश्न, दहा मिनिटं. उत्तरं त्याच्याच शब्दांत टिपा. "नळ उघडा राहिलाय बहुतेक" असं वाक्य तुम्हाला टेबलावर बसून सुचणार नाही.

प्रसंगात एक माणूस, एक जागा, एक वेळ आणि एक अडचण हवी. ज्या आकड्यासाठी तुम्ही तो सांगता आहात, तो आकडाही त्याच प्रसंगातून निघायला हवा. ही शेवटची अट सर्वांत जास्त मोडली जाते. गळतीवर पैसे मागताना कॉम्प्रेसरचा मोटर जळाल्याचा प्रसंग कितीही थरारक असला तरी उपयोगाचा नाही, कारण मोटर गळतीमुळे जळाला हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही.

आणखी एक पथ्य पाळा. प्रसंगात कोणी खलनायक होता कामा नये. "नाइट शिफ्टवाल्यांनी व्हॉल्व्ह उघडा ठेवला" म्हटलंत की चर्चा हवेवरून हजेरीपटावर जाते आणि पुढच्या वेळी शॉपमध्ये तुमच्याशी कोणी बोलत नाही. नाव घेऊ नका, "फिटर", "रखवालदार" एवढं पुरतं. ज्याच्या तोंडचं वाक्य वापरणार, त्याला आधी विचारा.

पायरी ४: प्रसंग लिहून काढा

पुष्कळ जण इथे आळस करतात. "गोष्ट काय, तोंडावर सांगू" म्हणतात आणि बैठकीत चार मिनिटं भरकटतात. प्रसंग शब्दन् शब्द लिहा, शंभरच्या आसपास शब्दांत. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात. आपला वेग मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजा.

नेहमीचा मजकूर असा असतो:

"गेल्या काही काळापासून प्लांटमध्ये कॉम्प्रेस्ड एअरच्या लीकेजची समस्या निदर्शनास आली असून त्यामुळे ऊर्जेचा मोठ्या प्रमाणावर अपव्यय होत आहे."

यात कोण नाही, कधी नाही, किती नाही. "निदर्शनास आली" कोणाच्या? हाच मजकूर प्रसंग म्हणून (एफआरएल म्हणजे लाइनवरचा हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर; कॉम्प्रेसर लोड घेतो म्हणजे हवा दाबून भरतो, अनलोडमध्ये नुसता फिरत राहतो):

"गेल्या गुरुवारी सकाळचे साडेनऊ. सुट्टी, सगळी मशीन बंद, निम्मे दिवे बंद. मेंटेनन्सच्या कामाला हवा लागते म्हणून कॉम्प्रेसर तेवढा चालू. रखवालदार फेरी मारून आला आणि फिटरला म्हणाला, 'काका, कुठेतरी नळ उघडा राहिलाय बहुतेक.' दोघं शोधायला निघाले. नळ सगळे बंद होते. तीन नंबर लाइनच्या मागे आवाज वाढला. एफआरएलच्या वाटीखालून हवा सुटत होती. फिटरने तिथे लाल टॅग बांधला. पुढच्या कपलरवर दुसरा, त्याच्या पुढच्या ट्यूबवर तिसरा. जेवायच्या वेळेपर्यंत त्याच्याकडचे वीस टॅग संपले. तोवर कॉम्प्रेसर दर चार मिनिटांतली दीड मिनिटं लोड घेत होता, आणि शॉपमध्ये एकही नग बनत नव्हता."

बारकाईने पाहा. विशेषणं जवळपास नाहीत. "भयंकर", "धक्कादायक" हे शब्द आले की ऐकणारा सावध होतो. नळाचा गैरसमज हीच गोष्टीतली गाठ. ती सुटेपर्यंत खोलीतला प्रत्येक जण मनातल्या मनात शॉपमध्ये फिरून येतो. शेवटच्या वाक्यात "चार मिनिटांतली दीड" हा आकडा सहज येऊन गेला आहे, आणि पुढची स्लाइड त्याच्यावरच उभी राहणार आहे.

तो प्रसंग सांगून झाला की "तर यावरून आपल्याला काय दिसतं..." असं तात्पर्य काढू नका. दोन सेकंद थांबा आणि स्लाइड बदला.

पायरी ५: प्रसंगाला हिशेब जोडा

मशीन बंद आणि मेंटेनन्सचं हवेवरचं कामही थांबलेलं असताना कॉम्प्रेसर जेवढा लोड घेतो ती सगळी गळती. लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोडचा मिळून वेळ. ९० सेकंद लोड, १५० सेकंद अनलोड म्हणजे ९० भागिले २४०, ३७.५ टक्के. किमान दहा चक्रं मोजून सरासरी घ्या. (कॉम्प्रेसर व्हीएफडीचा, म्हणजे गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा असेल तर ही रीत चालत नाही; तिथे फ्लो मीटर लावावा लागेल.) चांगली देखभाल असेल तर गळती १० टक्क्यांच्या आत ठेवता येते, म्हणून उद्दिष्ट १०.

टक्का मनात उतरत नाही, छिद्र उतरतं. ३७ किलोवॅटचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण ६ घनमीटर हवा देतो असं धरलं तर गळती २.२५ घनमीटर होते. ७ बारच्या दाबाला ३ मिलिमीटरच्या एका छिद्रातून मिनिटाला ०.६ ते ०.७ घनमीटर हवा जाते. म्हणजे अख्ख्या शॉपमधली गळती एकत्र केली तर अशी जेमतेम साडेतीन छिद्रं. हे सांगताना बोटांत ३ मिलिमीटरचा ड्रिल बिट धरा. तो टेबलावरून हातोहात फिरला की पुढचे प्रश्न नेमके येतात.

आता रुपये. इथे मोह होतो: ३७ किलोवॅटचे वाचणारे २७.५ टक्के, गुणिले वर्षाचे ७,२०० तास, युनिटला ९ रुपये, झाले ६.६ लाख! स्लाइडवर आकडा झोकदार दिसतो. पण लोड-अनलोड पद्धतीचा कॉम्प्रेसर अनलोडमध्ये असतानाही पूर्ण लोडच्या साधारण तीस टक्के वीज खातच राहतो. गळती थांबली तरी ती वीज जाणारच. तेवढी वजा केली की वाचतात ७.१ किलोवॅट, वर्षाला सुमारे ५१ हजार युनिट, म्हणजे ४.६ लाख रुपये. पेबॅक पावणेसहा महिने.

दोन लाख कमी दाखवायचे? हो. खोलीतल्या एखाद्याला अनलोडची वीज माहीत असते, आणि त्याने बोट ठेवलं की एका आकड्याबरोबर रखवालदाराची सकाळही खोटी वाटू लागते. स्लाइडवर ४.६ लिहा, खाली बारीक अक्षरांत "अनलोडमधली वीज वजा करून" असं लिहा.

एकाच प्रसंगावर सगळा भार टाकू नका

प्रसंग निवडला की साहजिकच प्रश्न येतो: हा एकच दिवस असा होता का? याची तयारी नसेल तर काय होतं, याचं उदाहरण २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीचं आहे. चॅलेंजर अवकाशयानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी फोनवरच्या बैठकीत नासाला सांगितलं, की तापमान ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी असताना यान सोडू नका, ओ-रिंग (रॉकेटचे सांधे बंद ठेवणारी रबरी कडी) काम करणार नाहीत. त्यांच्या हाती ठसठशीत प्रसंग होता: आदल्या वर्षीच्या जानेवारीत, ५३ अंशांच्या उड्डाणात ओ-रिंगमधून तप्त वायू निसटला होता. पण ७५ अंशांच्या एका उड्डाणातही तशीच खूण सापडली होती. ती पुढे आली आणि तापमानाचा मुद्दा लंगडा पडला. पाठवलेल्या तेरा तक्त्यांत सगळी उड्डाणं तापमानाच्या क्रमाने मांडलेला तक्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर उड्डाणातच नष्ट झालं. अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने तशी मांडणी केली: ६६ अंश आणि त्यावरच्या २० उड्डाणांपैकी ३ मध्ये ओ-रिंगला इजा, ६३ अंश आणि त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा. त्या रात्री वेळापत्रकाचा दबाव होता, थायोकॉलच्या व्यवस्थापनाने आपल्याच अभियंत्यांचं मत डावललं. सगळं खापर तक्त्यांवर फोडणं अन्यायाचं होईल. तरीही धडा आपल्या कामाचा आहे. प्रसंगाशेजारी सगळी नोंद ठेवा, आणि जिथे काहीच बिघडलं नाही तीही त्यात असू द्या.

आपल्या उदाहरणात म्हणून एका गुरुवारऐवजी सलग चार गुरुवारी मोजमाप घ्यायचं: ३६, ३९, ३७.५, ३७.५. चारही आकडे स्लाइडवर. सरासरी ३७.५. बैठकीच्या आधी महिनाभर काम सुरू करावं लागतं, ते असं.

पायरी ६: स्लाइड आणि मिनिटं

बारा मिनिटं मिळाली असतील तर दहाच्या आतलं साहित्य घ्या. उरलेली मधल्या प्रश्नांत जातात. सात स्लाइड पुरतात.

पहिल्या स्लाइडवर फक्त अभंग, अर्धं मिनिट. दुसरीवर लाल टॅग बांधलेल्या एफआरएलचा पूर्ण स्क्रीनभर फोटो, त्यावर एकही अक्षर नाही. यावर प्रसंग सांगायचा, सव्वा मिनिट. तिसरीवर चार गुरुवारांची मोजमापं, दोन मिनिटं. चौथी रुपयांची, तीन मिनिटं. फायनान्स इथे थांबणारच. पाचवीवर दोन गुरुवारांचं काम: पहिल्या दिवशी लाइन एक ते तीन, दुसऱ्या दिवशी उरलेल्या, फिटिंग, पीयू ट्यूब, क्विक कपलर, एफआरएलच्या वाट्या आणि प्रत्येक लाइनला एक बॉल व्हॉल्व्ह यांचा खर्च. दीड मिनिट. सहावीवर एक मिनिटात काय फसू शकतं ते: गळती पुन्हा वाढते, म्हणून दर महिन्याला एका गुरुवारी टॅगिंगची फेरी. सातवी म्हणजे पहिलीच पुन्हा.

आवाज ऐकवायचा असेल तर गळतीचं आठ-दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग पुरे. कॉन्फरन्स रूमचा स्पीकर आदल्या दिवशी तपासा. तो ऐनवेळी मुका निघाला तर "एक मिनिट हं, आयटीला बोलावतो" यात गोष्ट मेलीच. शंका असेल तर आवाज वगळा, ड्रिल बिट पुरतो.

एक सल्ला इथे खोडून काढायला हवा: उत्सुकता ताणा, मुद्दा शेवटी सांगा. ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवताना आधी तीन वेगवेगळी उपकरणं आणतोय असं भासवलं आणि मग ती एकच असल्याचं सांगितलं. तिथे सभागृह तेच बघायला आलं होतं. सोमवारच्या रिव्ह्यूमध्ये सातवा विषय तुमचा असतो. मागणी दहा मिनिटं झाकून ठेवलीत तर तिसऱ्या मिनिटालाच "मुद्द्यावर या" ऐकावं लागतं. म्हणून अभंग आधी. आख्यानात उत्सुकता हवी, मागणीत नको.

भाषा कोणती

आपल्याकडे स्लाइड बहुतेक इंग्रजीत असतात आणि बोलणं मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून. ते तसंच राहू द्या, फक्त प्रसंग एकाच भाषेत सलग सांगा. रखवालदार "काका, नळ उघडा राहिलाय" असं म्हणाला असेल तर ते मराठीतच म्हणा. खोलीत मराठी न कळणारं कोणी असेल तर त्या एका वाक्याचा अर्थ लगेच सांगून पुढे जा. दुभाष्यामार्फत बोलायचं असेल तर वेळ जवळपास दुप्पट लागतो. प्रसंग निम्मा करा, म्हणजे रखवालदार, नळ, वीस टॅग आणि चारातली दीड मिनिटं एवढंच ठेवा.

पायरी ७: तालीम

तीनदा करा. पहिली एकट्याने, उभं राहून, मोठ्याने. जिथे जीभ अडखळते ते वाक्य लिखित भाषेतलं असतं, ते मोडून बोलीत आणा. दुसरी त्या फिटरसमोर. चुकीचं काही असेल तर तो लगेच सांगेल, आणि बैठकीत कोणी त्याला फोन लावून विचारलं तर बोलणं जुळेल. तिसरी विरोधात बोलेल अशा सहकाऱ्यासमोर. पाठ फक्त दोनच गोष्टी करा: अभंग आणि प्रसंगाचं शेवटचं वाक्य. बाकी सगळं पाठ केलंत तर पहिल्या प्रश्नालाच धागा तुटतो.

तीन मिनिटांची आवृत्तीही तयार ठेवा. आधीचे विषय लांबतात आणि "तुमचं जरा पटकन उरका" हे ठरलेलंच असतं. तेव्हा स्लाइड एक, दोन, चार. प्रसंग गाळून आकडे वाचायचे असं बहुतेक जण करतात. त्यापेक्षा प्रसंग चाळीस सेकंदांत सांगा आणि हिशेबातलं शेवटचं उत्तरच तेवढं द्या. बारकावे कोणाला हवे असतील तर तो विचारेल.

प्रश्न आले की

या प्रेझेंटेशनला पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला आहे: "सुट्टीच्या दिवशी कॉम्प्रेसर चालू ठेवताच कशाला?" प्रसंगातूनच निघालेला आणि रास्त प्रश्न आहे. बचाव करू नका. उत्तर असं: "बरोबर आहे सर, काम संपलं की तो बंद करायला हवा, करूही. पण त्याने फक्त गुरुवार वाचतात. हिशेबातले ७,२०० तास कामाच्या ३०० दिवसांचे आहेत. तेव्हाही हवा अशीच जाते, मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही एवढंच." याच उत्तराने गोष्ट पूर्ण होते, कारण गुरुवारच का निवडला ते आता सगळ्यांना कळतं.

दुसरा प्रश्न: "विजेचा दर ९ रुपयेच कशावरून?" गेल्या तीन बिलांच्या प्रती फाइलमध्ये हव्यात. ज्याचं उत्तर हाताशी नाही त्याला "उद्या संध्याकाळपर्यंत मेल करतो" म्हणा आणि तिथेच वहीत लिहून घ्या.

चर्चा भरकटून ड्रायरवर, नव्या कॉम्प्रेसरवर, सोलरवर गेली तर सातवी स्लाइड लावा आणि अभंग पुन्हा वाचा, शब्द न बदलता. निर्णय होईपर्यंत ती स्क्रीनवरून काढू नका. "थँक यू"ची स्लाइड तर करूच नका, नाहीतर ऐन निर्णयाच्या क्षणी समोर फुलांचा गुच्छ असतो.

मंजुरी मिळाली की दुसऱ्या गुरुवारचं काम संपल्यावर तीच दहा चक्रं पुन्हा मोजा, त्याच दाबाला, त्याच घड्याळाने. जुना आणि नवा आकडा एका कागदावर शेजारी शेजारी लिहून फायनान्सच्या टेबलावर ठेवा. उतरवलेले लाल टॅग टाकून देऊ नका. दर महिन्याच्या फेरीला तेच लागतील.